पिकअप नेमकी तेव्हाच बंद पडते

बातमीदाराकडे छापलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेले किस्सेच जास्त साठतात. आमच्या भाईंदरच्या साप्ताहिकात तर अर्धे किस्से एकट्या पिकअपचे! जुनी पेट्रोल पिकअप. तिच्यातून अंकांचे गठ्ठे गावोगाव जायचे. चालवायचा दत्ताराम, मूळचा रत्नागिरीचा. मी शेजारी बसायचे, कारण माझा कुणावरच विश्वास नाही.

त्या दिवसांत मी एकाच बातमीच्या मागे होते. चौक गावात, किनाऱ्यावर कोळणी जिथे मासळी वाळवतात, त्या जागेवर एका कंपनीला खासगी जेटी बांधायची होती. कागदोपत्री ती जागा ‘पडीक’ दाखवलेली! हे मी छापत होते आणि गाडी रस्त्यात मरत होती. इंजिन तापलं की बंद, निवलं की चालू. अंक चौकात पोचायचा तेव्हा लोक कामाला निघून गेलेले असायचे.

“हे मुद्दाम चाललंय,” मी म्हणाले.

“ताई, गाडी जुनी आहे,” दत्ताराम म्हणाला.

“तूही त्यांना सामील आहेस का?”

त्याने बॉनेट धाडकन आपटलं.

* * *

पहिला संशय मी पेट्रोलवर घेतला. बाटलीत नमुना घेऊन थेट पंपावर गेले. भेसळ, ग्राहकांची फसवणूक, पहिल्या पानावर छापीन, सगळं ऐकवून झालं. पंपावरच्या माणसाने शांतपणे माझ्या स्कूटीकडे बोट दाखवलं.

“मॅडम, इस में भी हमारा ही पेट्रोल है ना? ये तो गुस्से में भी चल के आयी!”

* * *

वरसाव्याच्या गॅरेजमधल्या उस्तादने बॉनेट उघडून खरं दुखणं सांगितलं. इग्निशन मॉड्यूल. हातात मावेल एवढा काळा डबा, ठिणगी कधी पडायची ते हा ठरवतो. तो तापला की ठिणगी बंद, मग गाडी बंद.

“नीचे सफेद पेस्ट लगती है, मॅडम. गर्मी बाहर फेंकती है. सूख गयी है.”

त्याने पेस्ट लावली. मी वाकून वास घेतला. दत्तारामने कपाळाला हात लावला.

“उस्ताद, याला लवंगेचा वास येतोय. ही टूथपेस्ट आहे!”

उस्ताद जराही शरमला नाही. “आज संडे है, दुकान बंद. कल तक दाँत में दर्द नहीं होगा, गॅरंटी!”

* * *

मग स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, जुनं मॉड्यूल ठेवून जा, दोन दिवसांनी बदल्यात नवं मागवून देतो. मी मुकाट्याने देणाऱ्यांतली नव्हे. गाडीच्या किल्लीने डब्याच्या पाठीवर फुलीची खूण केली आणि मगच दिलं.

दोन दिवसांनी नवं आलं. सीलबंद खोका, वर चमचमतं स्टिकर. मी तिथल्या तिथे सील फोडलं. पाठीवर माझी फुली!

“हे काय आहे?” मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा टायरवाला उठून आला.

दुकानदाराने चष्मा पुसला, फुली निरखून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

“बघा मॅडम, कंपनीसुद्धा तुमच्यासारखीच खूण करते. ओरिजिनल असल्याशिवाय करेल का?”

* * *

म्हणजे जुन्याच मॉड्यूलवर दिवस काढायचे. चौकच्या वाटेवर डोंगरीच्या चढावर गाडी ठरल्यासारखी बंद पडायची. तिथेच रस्त्याच्या कडेला रोझीमावशी बर्फातल्या मासळीची टोपली घेऊन बसायची. मासळी वाळवायची तिची जागा चौकात, म्हणजे जेटीच्या नकाशात बरोबर मधोमध. दत्ताराम तिच्याकडून मूठभर बर्फ आणायचा, पिशवीत घालून मॉड्यूलवर दाबून धरायचा. गाडी पुन्हा चालू.

मला वाटलं, बाई आपल्या बाजूची आहे. चार-पाच खेपा झाल्यावर तिने कमरेवर हात ठेवले.

“बाय, खरं सांग. तुजी गाडी दर खेपेला माज्याच टोपलीसमोर कशी मरते? फुकटच्या बर्फासाठी येवडी मोठी गाडी बंद पाडते?”

* * *

जेटीची जनसुनावणी सोमवारी सकाळी चौकात होती. ‘पडीक’ जागेवर मासळी वाळवणाऱ्या बायकांचे फोटो मी पहिल्या पानावर घेतले होते. सुनावणीच्या आधी अंक लोकांच्या हातात पडायलाच हवा होता. मोबाइलवर पाठवलं तर साहेब लोक ‘फॉरवर्ड आहे’ म्हणून उडवून लावतात. छापील अंक टेबलावर आपटता येतो.

रविवारी संध्याकाळी आमचे मालक स्वतः पिकअपपाशी आले. हा माणूस पंखा लावला की ट्यूब बंद करायला लावतो.

“मॅडम, उद्या महत्त्वाचा दिवस. नवं मॉड्यूल बसवून घेतलंय. आता बिनधास्त जा.”

मी ‘थँक यू’ म्हणाले. ते गेल्यावर अंकाचं शेवटचं पान पाहिलं. पानभर जाहिरात. जेटीवाल्या कंपनीची.

सकाळी निघायच्या आधी मी दत्तारामला म्हणाले, “ते नवं काढ. जुनं लाव.”

“ताई, नवं कोरं काढायचं? चांगला चमकतोय डबा!”

“म्हणूनच काढ.”

“लोक वेड्यात काढतील.”

“सवय आहे मला.”

कुरकुरत त्याने जुनं मॉड्यूल बसवलं. मच्छीबाजारातून बर्फ घेतला, पिशवी मॉड्यूलवर बांधली. वाटेत थांबून वितळलेलं पाणी ओतून टाकायचं, नवा बर्फ भरायचा, पुढे जायचं. डोंगरीचा चढ आला. गाडी चढली.

चौकात मंडप भरत होता. दत्तारामने गठ्ठे सोडले. रोझीमावशीने पहिला अंक ओढून घेतला, स्वतःचा फोटो पाहिला आणि मांडी ठोकून पहिल्या रांगेत बसली. तिच्यामागे सगळ्या बायका, प्रत्येकीच्या हातात अंक.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मालक.

“मॅडम, बंद पडली ना गाडी? डोंगरीच्या चढावर? हरकत नाही, मनाला लावून घेऊ नका. ऊन फार आहे, परत या.”

“मालक, मी चौकात आहे. गाडी पोचली. अंक वाटून झाले.”

पलीकडून एकदम चढलेला आवाज :

“मग नवं मॉड्यूल काढलं कुणी?”