डाव्या खांद्याची रायफल

त्या सशाला मी नीट मारू शकलो नाही, आणि तो ओरडला. ससे ओरडतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. बर्मिंगहॅमबाहेरच्या एका शेतात सशांनी घोड्यांच्या कुरणाची बिळं करून पार चाळण केली होती, म्हणून शेतकऱ्याने मला रायफल घेऊन बोलावलं होतं; सुट्टीच्या दिवशी शिकारीचा मला नाद. शेवटी त्यानेच जाऊन त्या जखमी सशाची सुटका केली. परत येऊन माझ्यासाठी कुरणाचं फाटक उघडून धरलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी भूलतज्ज्ञ. कुणाला दुखू नये म्हणून पगार घेणारा माणूस. गाडीत बसल्याबसल्या ठरवून टाकलं, आणखी एक जनावर माझ्या हातून तडफडलं तर बंदुकीचा परवाना पोलिसांना परत करायचा आणि बागेत टोमॅटो लावायचे.

पण स्वभाव कुठे जातो? दोष आपला कशाला असेल, रायफलीचाच असणार. मी कॅटलॉग गोळा केले. बॅरल, म्हणजे नळी, जाड घ्यावी की बारीक? जाड असली की टेकवून मारताना हलत नाही, पण ती खांद्याला अडकवून दोन शेतं चालायची म्हणजे घाम निघतो. लांब की आखूड? खांद्याला टेकतो तो दस्ता अक्रोडाचा, की थर चिकटवून केलेल्या लाकडाचा, जो पावसात फुगत नाही? तीन आठवडे डायनिंग टेबलावर हाच पसारा होता.

"अहो, किचनच्या टाइल्स चूज करताना दोन मिनिटांत 'एनीथिंग विल डू' म्हणालात," बायको म्हणाली. "आणि आता लाकडाचे फोटो बघत बसलायत?"

बंदुकांचा दुकानदार सत्तरीचा होता, मोजकं बोलणारा. मी पाठ केल्यासारखं सांगितलं, जाड बॅरल, अक्रोडाचा दस्ता. त्याने एक रिकामी रायफल हातात दिली आणि म्हणाला, आधी खांद्याला लावा. मी लावली. तो रायफलीकडे बघतच नव्हता, माझ्या वाकड्या होणाऱ्या मानेकडे बघत होता. पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा तेच. मग म्हणाला, दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्या नाकाकडे बोट दाखवा. मी दाखवलं.

"बोट तुमच्या डाव्या डोळ्यासमोर आलंय, म्हणजे नेम तुमचा डावा डोळा धरतो," तो म्हणाला. "दात कुठल्या हाताने घासता?"

"डाव्या," मी म्हणालो, आणि पंचेचाळिशीत चक्क लाजलो.

मी जन्माचा डावखुरा. आईने ती सवय मोडून काढली. जेवताना डावा हात मांडीखाली. प्रसाद, पैसे, पाहुण्यांना पाणी, सगळं उजव्याने. पेन्सिल डाव्या हातात दिसली की चापट. ती दुष्ट नव्हती, लोक पोराला हसतील एवढीच तिला धास्ती. दात घासताना मात्र कुणी बघायला नसायचं. बंदूक उजव्या खांद्याला लावायची हे तर मला कुणी सांगितलंही नव्हतं. मीच धरून चाललो होतो.

दुकानदाराने आतून डावखुऱ्यांची रायफल आणली. दस्त्याची घडण उलट्या बाजूची, गोळी भरायला मागेपुढे ओढायचा बोल्टही डावीकडे. ती डाव्या खांद्याला लावली तर मान आपोआप सरळ राहिली, आणि रायफलीवरच्या दुर्बिणीत नेहमी येणारी काळी सावली दिसेना. इतकं हायसं वाटलं की रायफल खाली ठेववेना. बॅरल कुठली, असं त्याने विचारलं. तुम्ही द्याल ती, मी म्हणालो. त्याने आखूड आणि जाड बॅरल निवडली, दस्ता थरांच्या लाकडाचा. दोन मिनिटांत उरकलं.

महिनाभर कागदावर नेम धरला आणि मगच शेतकऱ्याला फोन केला. गेलो तेव्हा दुपारची वेळ होती, तो माझ्या शेजारीच गवतात पालथा पडला होता. गोळी सुटली आणि ससा जागच्या जागी आडवा झाला. मी कान देऊन ऐकत राहिलो. मग उठून गेलो, गुडघे टेकले, आणि रोज पेशंटला भूल चढली का बघतो तसं त्याच्या पापणीच्या केसांना हलकेच बोट लावलं. पापणी हलली नाही. त्याला काही कळलंच नव्हतं.

"ऑल राइट, डॉक?" मागून शेतकऱ्याने विचारलं.

मी मान डोलावली. मी रडत होतो, आणि इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.