सुकवंताने घातलेली अट

सुकवंताच्या भावाचा, दयारामचा फोन आला तेव्हा मी तिचाच तास घेत होते. ताप आला म्हणून ती दरेकशाला घरी गेली होती; तेवढं पोरींना सांभाळून घ्या ताई, असं सांगून. "मॅडम, सुकवंता नाही राह्यली," एवढंच तो बोलला. मी व्हरांड्यात उभी, आत पोरींच्या गप्पा चाललेल्या. त्याला महिना उलटला. दुःख जरा निवळलं असेल, राग मात्र तसाच आहे, आणि तो लपवून लिहिणं मला जमणार नाही.

डॉ. सुकवंता मडावी गोंदियातल्या आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. जेवढे तास तेवढाच पगार, उन्हाळ्यात तोही नाही. जंगलपट्ट्यातल्या गोंड बायकांचा जमिनीवरचा हक्क हा तिच्या पीएचडीचा विषय. आमच्याकडे स्त्री आणि आदिवासी अभ्यासाचा विभाग निघाला तो तिच्याच चिकाटीने. अभ्यासक्रम तिने लिहिला, विद्यापीठाचे उंबरठे तिने झिजवले. शेवटी प्राध्यापकाचं एक कायम पद मंजूर झालं आणि पात्रतेचा मसुदा करायलाही तिलाच बसवलं. त्यात तिने अट घातली, पदवी याच विषयातली हवी. मी कपाळावर हात मारला. तिच्या स्वतःच्या पदव्या समाजशास्त्राच्या. ती शिकत होती तेव्हा हा विषय इकडे होताच कुठे? स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस, म्हणून मी तिच्यावर चिडले.

"अट ढिली ठेवली तं संस्थेच्या अध्यक्षाच्या घरातलं कोनीतरी येऊन बसते, ताई," ती म्हणाली. "मले नाही भेटली तं नाही भेटली. पन ज्याले हा विषय येते, त्यालेच भेटली पायजे."

जाहिरात निघाली, तिने अर्ज भरला नाही. मुदत संपली, आणि मग संस्थेने शुद्धिपत्रक काढून त्या अटीला शेपूट जोडलं... 'किंवा समकक्ष'. अध्यक्षांच्या सुनेचा अर्ज आधीच आत होता. इंग्रजीची एमए समकक्ष ठरली, सूनबाई प्राध्यापक झाल्या. सुकवंता दोन दिवस कॉलेजात फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि त्याच विभागात, त्याच तासिका तत्त्वावर, स्वतःचाच अभ्यासक्रम शिकवू लागली. सूनबाईंना अडलं की त्यांनाही समजावून द्यायची. मी भांडले तर म्हणायची, पोरींचं नुकसान कशाला? तिचा तो चांगुलपणा मला तेव्हाही सोसला नाही, आजही सोसत नाही.

शोकसभेत अध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं. विभागाच्या खोलीला सुकवंताचं नाव देण्याचं त्यांनी जाहीर केलं आणि पाटीच्या अनावरणाला दयारामला बोलावलं. तो सकाळच्या गाडीने आला. त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पडद्याची दोरी पुढे केली. त्याने ती धरली नाही.

"जिती होती तवा खुर्ची नाही देल्ली," तो म्हणाला, "आता भिंत कायले देऊन राह्यले?"

शाल आणि नारळ टेबलावर ठेवून तो स्टेशनकडे चालू लागला. फोटोवाला कॅमेरा घेऊन तसाच उभा. चहा झाला, मंडळी पांगली, पडदा कोणीच ओढला नाही.

तो अजून तसाच आहे. परवा खोलीत कोणी नव्हतं तेव्हा मी तो जरासा उचलून पाहिला. पाटीवर ठळक अक्षरांत कोरलंय, प्राध्यापक सुकवंता मडावी.