झोप कुठे लागली ते आधी सांगा

रत्नागिरीत थंडी पडली हे आम्हाला पंख्यावरून कळतं. चारवर फिरणारा पंखा दोनवर आला की बायका कपाटातून स्वेटर काढतात, पुरुष कानाला मफलर गुंडाळून नाक्यावर उभे राहतात आणि घाटावरून बदलून आलेले साहेब आमच्याकडे बघून हसतात. हसोत बापडे. वर्षभर घामाने निथळणाऱ्या माणसाला चार दिवस मफलरची हौस करू द्यावी.

याच दिवसांत धनजी नाक्यामागच्या बोळात, प्रभाताईंच्या पुस्तकांच्या दुकानात, 'शेकोटी' असते. शेकोटी नुसती नावाला. कागदाच्या ढिगात जाळ करायला प्रभाताई काही खुळ्या नाहीत. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी नेहमीची गिऱ्हाइकं जमतात, उकडलेले करांदे, आमच्याकडचे कंद, मीठ लावून खातात आणि प्रत्येकजण बाकीच्यांना एक पुस्तक सुचवतो. नियम एकच. स्तुती करण्याआधी ते पुस्तक वाचताना आपण कुठे थांबलो, कुठे झोप लागली, ते सांगायचं.

न वाचता पुस्तक सुचवणं हा आमच्या गावचा गृहउद्योग आहे, कोकम सरबताच्या खालोखाल. तो मोडायला ताईंनी हा नियम काढला. पहिल्याच वर्षी एका प्राध्यापकांनी एका जाडजूड कादंबरीवर लांबलचक भाषण ठोकलं. ताईंनी विचारलं, "सर, झोप कुठे लागली?" सर म्हणाले, "छे! एका बैठकीत संपवली." ताईंनी त्यांच्या हातातली प्रत उचलून सगळ्यांना दाखवली. तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. सर हल्ली पुस्तकं ऑनलाइन मागवतात.

प्रभावती कदम या बाईंना धंदा कळत नाही असं सगळा बाजार म्हणतो, आणि ते खरं आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचं, तिथल्या स्टॉलांवरून पोती भरून पुस्तकं आणायची आणि मग गिऱ्हाइकाला "नका घेऊ" म्हणायचं, असा यांचा व्यापार. यशस्वी कसं व्हावं हे शिकवणारं पुस्तक मागायला कोणी आलं तर म्हणतात, "लिहिणारा झाला हो यशस्वी. वाचणारा अजून एकपण परत येऊन सांगत नाय." निवृत्त होणाऱ्या साहेबाला भेट द्यायला एक हेडमास्तर ग्रंथ शोधत होते, त्यांना ताईंनी सरळ छत्री घ्यायला पाठवलं. मी कोर्टात कारकून आहे. दिवसभर शपथेवर खोटं ऐकून कान विटतात, म्हणून संध्याकाळी त्यांच्या दुकानात जाऊन बसतो.

तर अशा बाईच्या नवऱ्याने पुस्तक लिहिलं.

गंगाराम कदम उभा जन्म बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, उरलेले घरी. घरी आले की लाटा, वादळं, परदेशी बंदरं, सगळं एवढं मोठं करून सांगायचे की ऐकणाऱ्याला मळमळायचं. "आफ्रिकेच्या केपला लाट नारळाच्या झाडाएवढी होती आणि मी खाली चहा पीत होतो," हे वाक्य तर नाक्यावरच्या पोरांना पाठ होतं. निवृत्त झाले आणि त्यांचं सगळं अवसान गळालं. गावात त्यांना 'ताईंचे मिस्टर' एवढीच ओळख उरली. दुकानात बसले तर लोक त्यांच्या अंगावरून हात लांबवून मागचं पुस्तक काढायचे. मग त्यांनी स्वतःच्या खर्चाने आठवणी छापल्या. नाव 'लोखंडाच्या पोटात'. नोव्हेंबरात टेम्पोने गठ्ठे आले आणि कदमांच्या पडवीत पाय ठेवायला जागा राहिली नाही.

"यंदा शेकोटीत माझं सुचवशील ना गो?" गंगारामांनी माझ्यादेखत विचारलं.

"वाचीन आधी," ताई म्हणाल्या.

"वाचायचं काय त्यात? नवऱ्याचं आहे."

"म्हणून तर आधी वाचायला हवं."

गंगाराम बोळात मला गाठून म्हणाले, "हिने सगळ्यांसमोर नावं ठेवलीन ना, तर मी अलोऱ्याला भावाकडे जाऊन राहीन. कायमचा." मी हसलो, पण ते हसत नव्हते. बायकोच्या दुकानात, समोरच्या टेबलावर, वीतभर जागा त्यांना हवी होती. ती मिळणं न मिळणं ताईंच्या जिभेवर होतं, आणि त्या जिभेची धार ते आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ओळखून होते.

डिसेंबरात ताई गल्ल्यावर बसून ते पुस्तक वाचत होत्या. खूण म्हणून एसटीचं तिकीट घातलेलं. तिकीट पुढे सरकत होतं आणि गंगाराम ते काहीतरी निमित्त काढून रोज बघून जात होते. नाताळच्या सुटीला मुंबईकर आले, दुकानात गर्दी उसळली, आणि त्या सुमारास तिकीट थांबलं. साधारण मध्यावर. ताईंनी पुस्तक गल्ल्याखाली सारलं ते पुन्हा बाहेर काढलं नाही.

"झोपली," गंगाराम मला म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "अर्ध्यात झोपली."

मलासुद्धा ते पुस्तक सव्विसाव्या पानावर, बॉयलरच्या वर्णनात, आडवं करून गेलं होतं. वंगणाचे प्रकार सांगताना माणूस थांबतच नाही. खरं सांगायचं तर मला त्यांची दया येत होती आणि बाईंचा रागही. एवढी जगाला खरं ऐकवतेस, एक दिवस घरातल्या माणसासाठी खोटं बोललीस तर काय आभाळ कोसळेल? पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची माझी टाप नव्हती.

शेकोटीच्या दिवशी गंगाराम इस्त्रीचा शर्ट घालून, मफलर लावून, दाराजवळच्या स्टुलावर बसले. पळायला सोपं पडावं म्हणूनच असावं. कॉलेजात शिकवणारी शमिका सर्वांत आधी उठली. एका कवितासंग्रहात आपल्याला तीनदा झोप लागली, पण तिन्ही वेळा स्वप्नं चांगली पडली, म्हणून घ्या, असं म्हणाली. आंबेवाला बाळा म्हणाला, "मोहोर आल्यापासून मी फवारणीच्या औषधाची माहिती सोडून काय वाचलंच नाय. ती शेवटपर्यंत वाचली, झोप उडाली." सगळे खो खो हसले. गंगारामांच्या हातातला करांदा सोललेला तसाच होता.

शेवटी ताई उठल्या. हातात 'लोखंडाच्या पोटात'.

"ह्यांचं पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "बॉयलर फार आहे. वंगण तर विचारू नका. ज्याला झोपेची गोळी लागते त्याने पहिली पन्नास पानं घ्यावीत."

कोणीतरी फिसकन हसलं. गंगाराम उठायच्या बेताला आले.

"बसा," ताई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "मी एकशे बारा पानावर थांबले. झोप नाय लागली. तिथे ह्यांनी लिहिलंय की पहिल्या सफरीपासून शेवटच्या सफरीपर्यंत ह्यांना पाण्याची भीती वाटायची. बोट हलायला लागली की इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाय अशा जागी उभे राहून रडायचे. घरी असताना सुटी संपत आली की आठवडाभर जेवण जायचं नाय. मला सांगायचे, पोट बिघडलंय. मी ओवा द्यायची." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मी पुढे वाचूच शकले नाय. एवढी वर्षं ह्या माणसाला ओवा दिला मी."

बाईंवरचा माझा राग मी तिथल्या तिथे मागे घेतला, उगीच खोटं कशाला बोलू.

"सांगायचं होतं," ताई आता थेट नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. एवढ्या माणसांत, जणू घरात दोघंच असावीत तशा. "केपला चहा पीत होतो, ते शंभरदा सांगितलंत. हे एकदा सांगायचं होतं."

गंगाराम मफलरच्या टोकाशी चाळा करत होते. "सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"मग हे दुकान कुठून आलं असतं?"

ताईंनी सभोवार नजर फिरवली. छतापर्यंत गेलेली कपाटं, बाबासाहेबांची तसबीर, खुर्च्यांवर बसलेले आम्ही. आयुष्यभर ज्याच्यापायी गिऱ्हाइकांशी, प्रकाशकांशी, अख्ख्या बाजाराशी भांडल्या, ते सगळं एकदा नीट पाहिलं.

"नसतं आलं," त्या म्हणाल्या. "काय बिघडलं असतं?"