शोभामावशीच्या खोलीतलं उसनं सामान

हे लिहीन लिहीन म्हणत आठवडा गेला. मोबाईल हातात घेतला की दुसरंच काहीतरी बघत बसतो... आज बसलोच.

गेल्या रविवारी आमच्या घोडपदेवच्या चाळीत भारी प्रकार झाला. शेजारच्या शोभामावशीचं घर बघायला मुलांच्या संस्थेच्या मॅडम येणार होत्या. मावशी एकटीच असते, पोळीभाजी केंद्रात कामाला. तिनं फॉस्टर केअरसाठी अर्ज केलेला... म्हणजे दत्तक नाही. आठ वर्षांची एक मुलगी आहे, आईबरोबर फुटपाथवर राहायची. आई आजारातून उठेपर्यंत तिला मावशीनं घरी सांभाळायचं. (नाव लिहीत नाही, लिहू नये म्हणतात.)

मावशी तिला दोनदा भेटून आली होती. तेव्हापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नाही. पण मॅडमना घर पसंत पडलं नाही तर पोरगी संस्थेतच राहणार... म्हणून मावशी रात्रभर जागी.

सकाळी परबकाकू दारात. "घर कसा ओकाबोका दिसता गो शोभा! ती मॅडम काय म्हणात?"

झालं. अख्खा मजला कामाला लागला. परबांचा सोफा आला, कांबळेवहिनींचा फ्रिज आला. कुणाचं स्टडी टेबल, कुणाचा पृथ्वीचा गोल, माणसाएवढा एक टेडी... फ्रिज मी उचललेला. मधेच गॅलरीत कबुतराची पिल्लं बघत थांबलो तर शिव्या खाल्ल्या, ते सोडा.

मावशी ओरडत होती, "अरे माका हलूक तरी जागा ठेवा रे!" कोण ऐकतंय.

मॅडम आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. पाय टाकायला जागाच नव्हती. सगळं बघून शांतपणे म्हणाल्या, "छान आहे हो... पण मुलगी झोपणार कुठे?"

मला वाटलं, संपलं. मदत करायला गेलो आणि मावशीची वाट लावली.

मावशीचे डोळे भरले. म्हणाली, "मॅडम, यातलं माझं काहीच नाही. माझं ते एक कपाट आणि ओट्यावरची भांडी. बाकी सगळं यांचं."

मग एकेक वस्तू बाहेर निघाली. ज्याची त्यानं मान खाली घालून उचलली. रिकाम्या फरशीवर मॅडम बसल्या आणि विचारलं, "मावशी, तुम्ही कधी आजारी पडलात तर मुलीचं जेवण?"

दारातून कांबळेवहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे की!"

"तुमच्याकडे नको," परबकाकू. "तुमचं तिखट केवढं! पोर जळेल माझी."

"तुमची कधीपासून झाली हो? आणि तुमच्याकडे आठवडाभर बांगडाच. तिला आवडतो का विचारलंत?"

जुंपलीच दोघींची. शाळेतून कोण आणणार, केस कोण विंचरणार... सगळ्यावरून वाद. मावशी डोक्याला हात लावून बसलेली. मॅडमनी पेन बाजूला ठेवलं आणि हसायलाच लागल्या. "अहो, पोरगी एकच आहे. पुरवून भांडा."

परवा होकार आला. मुलगी सोमवारी येणार.

आमच्या मजल्यावर रोज भांडणं असतात. नळावरून, चपलांवरून, कशावरूनही. कंटाळून मी बॅग उचलतो आणि निघतो कुठेतरी. पण एका पोरीला कोण जेवू घालणार यावरून भांडण मी पहिल्यांदा ऐकलं... आणि कितीही भटकलो तरी पाय इथेच का वळतात ते थोडं कळलं. थँक यू, तिसरा मजला.

एक मिनिट... खालून हाका येतायत. मॅडम आल्यात, मुलीला घेऊन! आज शनिवारच आहे ना? आणि तिचा हात घट्ट धरून अजून एक चिमुरडी आहे, चारेक वर्षांची. सख्खी बहीण नाही, पण संस्थेत रोज या मोठीच्याच कुशीत झोपायची म्हणे. रडू आवरेना म्हणून मॅडमनी तिलाही आणलंय, ताईला सोडायला... संध्याकाळी परत जायचंय तिला.

मावशी अनवाणीच जिना उतरत सुटलीय. जातो मी.