साडूभाऊंचा फंबल

जगातली प्रत्येक वस्तू एकतर हातात येऊन निसटते, नाहीतर मुळात हातात आलेलीच नसते, आणि या दोहोंतला फरक ज्याला कळला त्याला बाकी काही शिकायची गरज नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, हे यजमान मूळचे कऱ्हाडचे, चंडीगडला सेक्टर तीसमधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. तरुणपणी शिकायला अमेरिकेत गेले आणि येताना पदवीबरोबर तिथल्या फुटबॉलचं वेड घेऊन आले. तो फुटबॉल पायाने खेळत नाहीत. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. एकाने फेकायचा, म्हणजे ‘पास’ द्यायचा, दुसऱ्याने झेलायचा आणि पळत सुटायचं. साडूंना त्या पळापळीत काडीचा रस नव्हता. झेलणाऱ्याच्या हातून चेंडू पडला की मात्र त्यांचे डोळे चमकत. झेल पुरा होऊन, म्हणजे चेंडू धरून माणूस वळल्यावर, मग निसटला असेल तर तो ‘फंबल’. चेंडू ‘लाइव्ह’, जिवंत, ज्याच्या हाती लागेल त्याचा. झेल पुरा झालाच नसेल तर ‘इनकम्प्लीट’. चेंडू ‘डेड’, खेळ तिथेच थांबला. “सगळं अध्यात्म यात आहे,” असं ते म्हणत.

माझी बदली चंडीगडला झाली तेव्हा आम्ही पहिल्यांदा त्यांच्या क्वार्टरवर जेवायला गेलो. ताईंनी पुढे केलेली आमटीची वाटी माझ्या बोटांना लागून खाली पडली. ताई फडकं आणायला उठल्या तर साडू म्हणाले, “पुसू नका. तुमची बोटं मिटली होती का वाटीभोवती?” मग रिकामी वाटी देऊन त्यांनी माझ्याकडून तो प्रसंग पुन्हा करवून घेतला, गुडघ्यावर बसून निरखला आणि इनकम्प्लीट ठरवला, म्हणजे चूक देणारीची. “या घरात जे सांडतं ते माझ्याच नावावर,” ताई पुसता पुसता म्हणाल्या. एका पुतणीचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं, घरात सुतक असल्यासारखी शांतता होती, तेव्हाही यांनी एवढंच विचारलं, “सुपारी फुटली होती का? नाही ना? मग मोडलं कुठे, पास पुरा झालाच नव्हता.” आणि गंमत म्हणजे ती मुलगी त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. कोणी जुना मित्र त्यांना तिकडच्या सामन्यांच्या कॅसेटी पाठवायचा. त्या आपल्याकडच्या व्हिडिओवर नीट चालत नसत. रंग नाही, चित्र सारखं वर सरकतंय, माणसांची डोकी तळाशी आणि पाय वर. त्या सरकत्या पट्ट्यांकडे पाहून साडू पंचांच्या चुका काढत.

दिवस दहशतवादाचे होते. रोज सकाळी वर्तमानपत्र उघडायची भीती वाटायची. रस्तोरस्ती वाळूच्या पोत्यांआड बंदुका, आणि बेवारस ट्रान्झिस्टर किंवा डबा दिसला तर हात लावू नका, अशी सूचना जिकडेतिकडे. संध्याकाळी माणसं लवकर घरात शिरत. अशा दिवसांत साडूंनी दर रविवारी दुपारी क्वार्टरांसमोरच्या पार्कात फुटबॉल सुरू केला. खेळायला आम्ही पोट सुटलेले नोकरदार आणि समोरचे ग्रेवालजी. ग्रेवालजी बँकेत अधिकारी, देह दाराएवढा, पगडी सदैव कडक इस्त्रीची. एका रविवारी त्यांनी चेंडू छातीशी धरला, वळले, पळायला लागले आणि मेंदीच्या कुंपणात अडखळून पडले. चेंडू घरंगळत जांभळाखाली गेला.

“फंबल,” साडू म्हणाले.

“ना जी. हाथ में आई ही नहीं थी. इनकम्प्लीट,” ग्रेवालजी पडल्या पडल्या म्हणाले.

मग जी जुंपली! निकाल लागेपर्यंत चेंडूला कोणी हात लावायचा नाही, असं साडूंनी फर्मान काढलं. निकाल लागण्याआधीच पोलिसांची जीप आली आणि भोंग्यावरून कर्फ्यू पुकारला गेला. सगळे घरी पळाले. चेंडू राहिला जांभळाखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्फ्यू थोडा वेळ सैल झाला, तेव्हा दूध आणायला निघालेल्या कोणाला तरी झाडाखाली काळपट, लांबट, दोरीने शिवलेली वस्तू दिसली. पाहता पाहता पोलीस आले, वाळूची पोती आली. नेमके त्याच वेळी ग्रेवालजी आपल्या फाटकातून निघाले आणि शेजाऱ्याचा चेंडू परत करावा म्हणून सरळ झाडाकडे चालू लागले.

“रुक जा.” बंदुका त्यांच्याकडे वळल्या. ग्रेवालजींनी हात वर केले.

त्या काळात पगडीवाल्या माणसाने तशा वस्तूकडे चालत जाणं म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आमच्यापैकी कोणी पुढे होईना. तेवढ्यात साडू आले, अर्ध्या गालाला साबण, कमरेला लुंगी.

“वो मेरा है,” ते इन्स्पेक्टरला म्हणाले.

“क्या चीज़ है? लाइव्ह है कि डेड?”

साडू विचारात पडले. मी त्यांचा दंड धरला. “डेड म्हणा हो.”

“असं कसं म्हणू? मग पास इनकम्प्लीट ठरतो. मी काल फंबल दिलाय.” आणि इन्स्पेक्टरकडे वळून ते प्रामाणिकपणे म्हणाले, “जी, झगड़ा चल रहा है. मेरे हिसाब से लाइव्ह है.”

शिपाई गवतावर आडवे झाले. आम्हीही झालो.

“झूठ है जी,” ग्रेवालजी हात वर ठेवूनच बोलले. “मैं कल से कह रहा हूँ, डेड है.”

“तुझे कैसे पता?” इन्स्पेक्टरचा आवाज बदलला. एका शिपायाने उठून बंदुकीची नळी ग्रेवालजींच्या पाठीला लावली.

साडूंनी तिकडे पाहिलं. ग्रेवालजींचे ते मोठाले हात वरच होते, पगडी एका बाजूला कलली होती आणि ती सावरायला त्यांना हात खाली घेता येत नव्हता.  मग साडू दोन पावलं पुढे झाले आणि पंच करतात तसे दोन्ही हात कमरेसमोर आडवे हलवून स्वच्छ आवाजात म्हणाले, “निर्णय बदलला. इनकम्प्लीट. बॉल इज डेड.” कोणी अडवायच्या आत ते झाडाखाली गेले, चेंडू उचलला आणि इन्स्पेक्टरच्या हातात दिला.

त्याने तो दाबून पाहिला, कानाशी हलवून पाहिला. मग अर्धा तास दोघांना झापलं. जाताना मात्र थांबून ग्रेवालजींना विचारलं, “गिरने से पहले मुड़े थे क्या?”

घरी येताना मी साडूंना म्हटलं, “अखेर चूक कबूल केलीत.”

“चूक कसली? फंबलच होता तो,” ते म्हणाले आणि उरलेली दाढी करायला आत गेले.

संध्याकाळी ग्रेवालजी गाजराच्या हलव्याचा डबा घेऊन आले. बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “भाई साहब, दिन भर सोचा. फंबल ही था. मैंने पकड़ लिया था.”

“अजिबात नाही,” साडू ताडकन मराठीत म्हणाले. “निर्णय झालाय. इनकम्प्लीट.”

तेव्हापासून बाजू बदलून ते भांडण सुरू झालं. हिवाळ्यात दुपारी व्हरांड्यातल्या उन्हात दोन वेताच्या खुर्च्या टाकून, मध्ये शेंगदाण्यांची परात ठेवून दोघं तावातावाने वाद घालत. बाकीच्या गावात माणसं एकमेकांशी जपून, शब्द मोजून बोलत होती. हे दोघं एकमेकांना खोटारडा म्हणत होते आणि ताई आतून चहा पाठवत होत्या.

पुढे ग्रेवालजी निवृत्त झाले आणि मुलीकडे कॅनडाला गेले. त्या हिवाळ्यात मी एकदा साडूंकडे गेलो तर ते व्हरांड्यात एकटेच शेंगा सोलत बसले होते. समोरच्या घराला कुलूप होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून दुसऱ्या खुर्चीत बसून मी मुद्दाम ग्रेवालजींची बाजू घेत म्हटलं, “काही म्हणा, साडूभाऊ, तो फंबलच होता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “असेल.”