नोटिशीनंतरचे चौदा दिवस
पोस्टात डिंकाचा वास आला की मला ती नोटीस आठवते. पाणीगेटच्या एका फरसाणवाल्या काकांनी मला पहिलंवहिलं काम दिलं होतं, दिवाळीच्या खोक्यांच्या डिझाइनचं. पुढे चार वर्षं त्यांची कामं केली, पण शेवटचं बिल आठ महिने अडकलं. फोन केला की त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणायचे, "बेन, पुढच्या अठवाडियात नक्की." अखेर कारेलीबागेतल्या एका वकीलबाईंनी पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस लिहिली आणि मी ती रजिस्टर पोस्टानं धाडली. आई म्हणाली, "ज्यांनी हात दिला, त्यांनाच नोटीस?" त्या दिवसापासून मला जेवण जाईना. बेल वाजली की दचकायचे, फोन उलटा करून ठेवायचे, आणि मनात काकांना लबाड, बुडवे, काय काय म्हणायचे. चौदाव्या दिवशी ते स्वतःच तीन जिने चढून, धापा टाकत आले. चेक टेबलावर ठेवून म्हणाले, "नोटीस धाडली ते सारूं केलं, बरंच केलं, बेन. चेकवर धाकट्या भावाची सही लागते, तो ऐकतच नव्हता. नोटीस बघून घाबरला." "मग मला सांगायचं ना, काका!" "घरच्या माणसाची तक्रार बाहेर कशी करायची?" एवढं बोलून, पाणी पिऊन ते गेले. नंतर त्यांनी काम दिलं नाही, मीही मागितलं नाही. आता लेखी करार झाल्याशिवाय मी कुणाचंच काम हाती घेत नाही; पण पाणीगेटला गेले, तर त्यांच्या दुकानासमोरून जायचं अजून टाळते.