महागावच्या तांड्यातला रोमन राजा

यवतमाळहून सकाळची मोटार सुटली तेव्हा माझ्या पिशवीत कॉलेजातून मागून आणलेलं भिंग होतं आणि अर्धा लिहिलेला निबंध. रोमन लोक समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला येत, हे ग्रंथांत आहे. ते वऱ्हाडातही आले होते, असं मी इतिहास मंडळात छातीठोकपणे सांगून बसलो होतो. "पुरावा आणा," प्राध्यापक म्हणाले. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. शब्द मागे घेणं जड जात होतं.

महागावपासून दोन कोस चालत गेलो. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, तो रुमालाने बांधला. दोन्हीकडे कापूस फुटलेला होता. तांड्याच्या (बंजारा वस्तीच्या) नायकाने खाट टाकली. त्याच्या म्हाताऱ्या आईने बाटी (ज्वारीची भाकर) आणि ठेचा वाढला. ज्या रोमन नाण्याची बातमी ऐकून आलो, ते तिच्याच गळ्यात, रुपयांच्या माळेत मधोमध होतं. चांदीचं, नाकाड राजा, भोवती परकी अक्षरं.

मी भिंग लावलं.

"काय पाहून राह्यला रे बाप्पा एवढं? राजाले पोरगी देतं का?"

"याडी (आई), हा समुद्रापलीकडचा राजा आहे."

"असन. माह्या लेकीपाशीबी हायेच तो."

माहेरी आलेल्या लेकीने आपली माळ दाखवली. तोच राजा, आणि नाकावर तीच चीर, त्याच जागी. दोन नाण्यांना एकच जखम होत नाही. मी भिंग खाली ठेवलं.

म्हातारी म्हणाली, "लग्नात सोनार मायच्या नाण्याचा साचा घेते अन् लेकीले दुसरं ओतते. माह्या मायनंबी तसंच देल्लं."

"मग अस्सल कोणतं?"

"सारेच अस्सल. चांदी हाय ना!"

नायक हसला. "आमचे बुढे समुद्राकडून बैलावर मीठ आणत, गुरुजी. त्याच्यासंगच पहिलं आलं असन. त्या राजाले कायले चालवता इतक्या दूर?"

अस्सल नाणं सापडलं असतं तरी प्रवास नाण्याचाच सिद्ध झाला असता, रोमनाचा नव्हे.

परतताना मोटारीतच निबंधाची तीन पानं खोडली. मंडळात उभा राहून वाचलं, "रोमन किनाऱ्याला आले. वऱ्हाडात आल्याचा पुरावा माझ्यापाशी नाही. माझं आधीचं विधान चूक होतं." मागे कुणीतरी हसलं. मी पुढचं वाक्य वाचलं, "मीठवाले मात्र आले. त्यांच्या नातवंडांकडे मी जेवून आलो."